बोनसचे १२ हजार, भाड्याची खोली आणि स्वयंपाकाचं इंधन

प्रश्न: आम्ही नवी मुंबईत घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहतो. मी महापेला पॅकिंगचं काम करते, पगार दर शनिवारी होतो. नवरा टेम्पो चालवतो. दोघांचे मिळून महिन्याला ३१ हजार येतात, भाडं ७,५०० आहे. दोन मुलं आहेत. गॅसचं कनेक्शन नाही. छोटा बाटला आहे, तो दुकानातून किलोवर भरून आणतो, १३० रुपये किलो. दहा दिवसांनी तीन किलो लागतो. खोलीला मालकाचा सबमीटर आहे, युनिटला १४ रुपये घेतात. या वर्षी १२ हजार बोनस मिळालाय. मला कंपनीचा मोठा सिलिंडर घ्यायचा आहे. नवऱ्याचं म्हणणं, दर ११ महिन्यांनी खोली बदलावी लागते, कनेक्शन घेऊन अडकायचं कशाला? दुकानदार तीन बर्नरची काचेची शेगडी आणि इंडक्शन मिळून ९,९९० ला देतोय, हप्ता ९९९ चा, १२ महिने. शिवाय मुरबाडकडे गावी सासूबाईंना उज्ज्वलाचा सिलिंडर मिळालाय, तरी त्या चुलीवरच करतात. त्यांना पैसे पाठवावेत का?

ताई, मोठा सिलिंडर घ्या. हप्त्यावरची जोडी घेऊ नका. सासूबाईंना पैसे पाठवा, पण कशासाठी पाठवायचे ते आधी ठरवून. आता प्रत्येक गोष्टीचा हिशेब मांडते. भाव बदलले तरी तो तुम्हाला घरी पुन्हा करता येईल.

सुरुवात आजच्या खर्चापासून. दहा दिवसांना तीन किलो म्हणजे महिन्याला नऊ किलो, १३० ने १,१७० रुपये. हा झाला दुकानदार सांगतो तो आकडा. पुढच्या वेळी भरायला जाताना भाजीवाल्याच्या काट्यावर रिकामा बाटला तोला, भरून आणल्यावर पुन्हा तोला. फरक २.६ किलो निघाला, तर ३९० रुपयांत तुम्हाला १५० रुपये किलोने गॅस मिळतोय. अशा ठिकाणी वजन मारणं सोपं असतं, कारण बाटल्याचं रिकामं वजन त्यावर नीट कोरलेलं नसतं आणि तक्रार करायला जागा नसते.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. भाव वरखाली होतात आणि जिना चढवून आणायचे चार पैसे जातात, म्हणून हिशेबाला मी ९५० रुपये धरते. किलोला ६७ पडले. तुमच्या नऊ किलोंना साधारण ६०० रुपये. म्हणजे आज महिन्याला सुमारे ५७० रुपये जास्त जाताहेत, वर्षाला ६,८०० च्या आसपास. तुमच्या पगारात हा आकडा लहान नाही.

मग लोक किलोवर का घेतात? एका वेळी ९५० हातात नसतात, ३९० असतात. कागद मागत नाहीत, दुकान रात्री उघडं असतं, खोली सोडली तर बाटला काखोटीला मारून निघता येतं. ही कारणं खरी आहेत आणि ती फक्त घणसोलीत दिसतात असंही नाही. इंडोनेशियाने २००७ पासून घरं रॉकेलवरून गॅसवर आणली, तेव्हा तीन किलोचा छोटा सिलिंडर आणि शेगडी फुकट वाटली. हातावर पोट असलेल्यांना एका वेळी थोडेच पैसे काढता येतात, हे धरून ते माप ठरलं होतं. नैरोबीत सिलिंडरवर मीटर बसवून मोबाइलवरून जितके पैसे भराल तितकाच गॅस सोडणारी सेवा चालली. गरज तुमचीच आहे. फरक इतकाच की तिथे वजन, झडप आणि जबाबदारी कंपनीची असते. किलोवर भरणारा दुकानदार तीच गरज भागवतो, दुप्पट दराने आणि धोका तुमच्या खोलीत ठेवून.

धोक्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण त्याची किंमत हिशेबात कुणी धरत नाही. सिलिंडर द्रव गॅसने काठोकाठ भरायचा नसतो. उष्णतेने द्रव फुगतो, त्यासाठी वर साधारण १५ ते २० टक्के जागा मोकळी लागते. मोठा सिलिंडर उलटा करून छोट्यात गॅस उतरवताना ही जागा कुणी मोजत नाही. झडपेतलं रबर झिजलेलं असतं, बाटल्याची दाबाची चाचणी झालेली नसते. गॅस हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचतो. एका खोलीत झोपायची जागा आणि ओटा जवळ असेल, तर तो अंथरुणापर्यंत येतो.

आता पैशाची बाजू. अधिकृत जोडणी असलेल्या घरात गॅसमुळे अपघात झाला, तर तेल कंपन्यांचं विमा संरक्षण असतं. मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख रुपये, उपचारांना माणशी २ लाखांपर्यंत आणि एका घटनेला ३० लाखांपर्यंत, नोंदवलेल्या पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानीला २ लाखांपर्यंत. त्यासाठी ग्राहकाला वेगळा हप्ता भरावा लागत नाही. किलोवर भरलेल्या बाटल्याला यातलं काहीच लागू होत नाही.

इंडक्शनचं काय? वस्तू चांगली आहे. तुमच्या खोलीत आणि १४ रुपयांच्या दराने ती महाग पडते, एवढंच. एक किलो गॅसमधून भांड्याला जेवढी उष्णता मिळते, तेवढी द्यायला इंडक्शनला साधारण साडेआठ युनिट वीज लागते. शेगडीची बरीच आच भांड्याच्या कडेने वाया जाते, इंडक्शनची फारच थोडी. हे धरूनच साडेआठ. म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरचं काम सुमारे १२० युनिटांत होतं. यावरून घरच्या घरी वापरता येईल असा हिशेब निघतो: सिलिंडरच्या भावाला १२० ने भागा. येईल त्या दरापेक्षा वीज स्वस्त असेल तर इंडक्शन परवडतं, महाग असेल तर गॅस. ९५० ला १२० ने भागले की ७ रुपये ९० पैसे येतात. तुम्ही देता १४. तुमचे नऊ किलो गॅस म्हणजे ७७ युनिट, महिन्याला १,०७८ रुपये. किलोवर भरलेल्या गॅसच्या जवळपासच. त्यावर ९९९ चा हप्ता.

उद्या स्वतःच्या नावाचा महावितरणचा मीटर मिळाला तरी हा हिशेब सरासरी दराने करू नका. घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो, १०१ ते ३०० चा एकदम चढतो; वहन आकार (वीज घरापर्यंत आणून देण्याचे पैसे) आणि १६ टक्के वीज शुल्क धरलं की त्या टप्प्यातलं युनिट १० रुपयांच्या वर जातं. पंखा, फ्रिज, टीव्ही यांनी ९०–१०० युनिट आधीच भरले असतील, तर इंडक्शनची सगळी युनिटं वरच्या टप्प्यात पडतात. ज्यांचा एकूण वापर ५०–६० युनिट आहे, त्यांना मात्र चहा, दूध आणि कुकरपुरतं इंडक्शन खरंच स्वस्त पडतं. मालकाला एक विचारून बघा: खोलीसाठी वेगळ्या मीटरला ते ना-हरकत देतील का? १४ रुपयांचा दर फक्त स्वयंपाकाला नाही, पंख्यापासून इस्त्रीपर्यंत सगळ्याला लागतोय. तिथली बचत कदाचित गॅसइतकीच मोठी निघेल.

दुकानदार सांगत नाही असे आणखी खर्च आहेत. २,००० वॅटचं इंडक्शन पूर्ण ताकदीवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतं. खोलीत साधा ६ अँपिअरचा सॉकेट असतो, तो तापून वितळतो. १६ अँपिअरचा सॉकेट आणि किमान २.५ चौरस मिलिमीटरची तार मीटरपासून ओढून घ्यावी लागेल, तीही मालकाच्या भिंतीतून. शेजारच्या खोलीत त्याच वेळी हीटर लागला की एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारा खटका, पडणार. ॲल्युमिनियमची पातेली, कढई चालत नाहीत. फ्रिजवरचं चुंबक भांड्याच्या तळाला घट्ट चिकटलं तरच ते चालेल. घरातली भांडी अशी तपासलीत की नवीन किती घ्यावी लागतील ते कळेल. घडीची पोळी सपाट लोखंडी तव्यावर इंडक्शनवर होते. भाकरी तव्यावरून काढून आचेवर फुगवायची सवय असेल तर ती होत नाही, वांगं भाजता येत नाही, पापडही नाही. अशा लहान कारणांनी इंडक्शन महिन्याभरात कपाटावर जातं.

हप्त्याचा हिशेब वेगळा पाहू. रोख किंमत ९,९९०, हप्ते १२ गुणिले ९९९ म्हणजे ११,९८८. जादा १,९९८. वरवर २० टक्के वाटतं. पण पहिल्या महिन्यापासून मुद्दल फिटत जातं, म्हणून सरासरी निम्मीच रक्कम तुमच्याकडे राहते. खरा दर निघतो महिन्याला २.९ टक्के, वर्षाला ३५ च्या आसपास. प्रक्रिया शुल्क घेतलं तर त्याहून जास्त. हातात बोनस असताना ३५ टक्क्यांनी कर्ज काढायचं काहीच कारण नाही. आणि चौघांच्या घराला तीन बर्नर लागत नाहीत. एका खोलीच्या ओट्यावर दोन बर्नरची शेगडीच नीट बसते.

नवऱ्याची शंका मात्र रास्त आहे, तिला उत्तर द्यायला हवं. कनेक्शन घेऊन माणूस अडकत नाही. तुम्ही भरता ती अनामत असते. १४.२ किलोच्या सिलिंडरची अनामत २,२०० आणि रेग्युलेटरची २५०, हे दर १६ जून २०२२ पासूनचे. दोन्ही परत मिळतात, फक्त जोडणी घेताना दिलेलं सब्स्क्रिप्शन व्हाउचर, म्हणजे अनामतीची पावती, जपून ठेवा. त्याच वितरकाच्या हद्दीत खोली बदलली तर पत्ता बदलून घ्यायचा. ऐरोली किंवा कळव्याला गेलात तर वितरक बदलून घ्यायचा. शहरच सोडलंत तर सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून टर्मिनेशन व्हाउचर (जोडणी बंद केल्याची पावती) घ्यायचं, नव्या गावी त्यावर जोडणी मिळते. पत्ता बदलायचा कंटाळा करू नका. मालमत्तेचा विमा नोंदवलेल्या पत्त्यालाच असतो.

खरी अडचण कागदांची येईल. तुमच्या आधारवर मुरबाडचा पत्ता असणार. त्यासाठी नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार लागेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणीचा खर्च निम्मा तुम्ही देण्याची तयारी दाखवलीत तर बोलणं सोपं जातं. हाच करार आधारचा पत्ता बदलायला आणि मुलांच्या शाळेतही कामाला येतो. गावी सासूबाईंच्या नावावर जोडणी आहे म्हणून तुम्हाला नाकारतील, ही भीती नको. नियमात कुटुंब म्हणजे एका घरात राहणारं, एकच स्वयंपाकघर असलेलं. तुमची चूल वेगळी आहे. जोडणी तुमच्या नावावर घ्या. बहुतेक सरकारी सवलती बाईच्या नावावरच्या जोडणीलाच मिळतात.

करार व्हायला महिना-दोन महिने लागले, तर तोवर कंपनीचा पाच किलोचा ‘छोटू’ घ्या. तो फक्त ओळखपत्रावर मिळतो, पत्ता लागत नाही. किलोमागे घरगुती सिलिंडरपेक्षा महाग असतो, पण सीलबंद आणि पुरा पाच किलो.

पाइप गॅसबद्दल थोडक्यात. महानगर गॅसची वाहिनी तुमच्या गल्लीत असेल तरी इमारतीच्या मालकाची संमती लागते, आणि गावठाणातल्या भाड्याच्या खोलीत ती मिळवणं अवघड असतं. पुढे कधी कोपरखैरणेत किंवा ठाण्यात सोसायटीत घर घेतलंत, तर एक सिलिंडर म्हणजे साधारण १८ घनमीटर पाइप गॅस हे लक्षात ठेवून भाव ताडून बघा. बिल वापरल्यानंतर येतं, एवढी मोठी सोय त्यात आहे. शेगडीचे जेट (गॅस सोडणारी बारीक तोंडं) बदलून घ्यावे लागतात, नाहीतर आच मंद राहते.

तर १२ हजारांची वाटणी अशी. अनामत आणि रेग्युलेटर २,४५०. सुरक्षा पाइप, ग्राहक पुस्तिका, तपासणी यांना ४०० बाजूला ठेवा. पहिला गॅस ९५०. दोन बर्नरची स्टीलची, आयएसआय खूण असलेली शेगडी, २,००० पर्यंत. वितरक ‘आमच्याकडचीच शेगडी घ्या’ म्हणेल. तशी सक्ती नाही, ठामपणे नाही म्हणा. हे झाले ५,८००. यातले २,४५० परत मिळणारे आहेत आणि ९५० चा गॅस तर आजही घेताच. उरलेले २,४०० महिन्याच्या ५७० रुपयांच्या बचतीतून सव्वाचार महिन्यांत भरून निघतात.

राहिले ६,२००. त्यातले १,९०० म्हणजे दोन सिलिंडरचे पैसे वेगळे ठेवा आणि त्यांना हात लावू नका. हे मी सगळ्यात कळकळीने सांगतेय, कारण जोडणी घेऊनही बरीच घरं महिन्या-दोन महिन्यांत परत किलोवर जातात. सिलिंडर संपतो २३ तारखेला, पगार होतो एक तारखेला, आणि मधले आठ दिवस छोटा बाटला पुन्हा बाहेर येतो. तुमचा सिलिंडर साधारण ४७ दिवस जाईल. दिवसाला २० रुपये. पगार शनिवारी होतो ना, त्याच दिवशी १५० रुपये काढून ठेवा, बचत गटात असाल तर तिथे वेगळ्या खात्यावर. सात शनिवारांत १,०५० होतात, तोवर सिलिंडर संपत आलेला असतो. आज दहा दिवसांना ३९० काढता, त्यापेक्षा हे हलकंच आहे. गॅस किती उरला ते बघायला सिलिंडरवर वरून खालपर्यंत ओलं फडकं फिरवा. वरचा भाग लवकर वाळतो, द्रव गॅस असलेला खालचा भाग ओला राहतो. ती रेघ खालच्या पावात आली की बुकिंग करा.

डिलिव्हरीला कधी दोन दिवस लागतात, कधी आठवडा, म्हणून सहा महिन्यांनी दुसरा सिलिंडर घ्या. पाच किलोचाही मागता येतो, त्याची अनामत १,१५० आहे आणि भरायलाही एका वेळी कमी पैसे लागतात. तुमच्यासाठी मला तो जास्त सोयीचा वाटतो.

डिलिव्हरीच्या वेळी दोन गोष्टी दारातच बघा. सिलिंडरच्या कड्यावर रिकामं वजन लिहिलेलं असतं. त्यात १४.२ मिळवा आणि काट्यावर तेवढं भरतं का ते पाहा. काटा आणणं डिलिव्हरीवाल्याचं काम आहे. त्याच कड्याच्या पट्टीवर अक्षर आणि वर्ष असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ती तिमाही उलटून गेली असेल तर सिलिंडर चाचणीला जायला हवा होता, परत करा. गळतीचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं एकही बटण दाबू नका आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन लावा.

आता सासूबाई. सिलिंडर असून चूल पेटते, याचं त्यांना बोल लावू नका. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शहरांतली जवळपास ९० टक्के घरं स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करत होती, खेड्यांत ४३ टक्के. सरपण रानातून फुकट येतं, गॅसला रोख लागते. अंघोळीचं पाणी, मोठ्या पातेल्यातला भात, भाकरी ही कामं चुलीवर राहतात आणि चहा-भाजी गॅसवर जाते. दोन्ही इंधनं शेजारी-शेजारी चालणं हे जगभरच्या गरीब घरांत दिसतं. धूर कमी करायचा असेल तर घरात, बंद जागेत शिजतं तेवढं गॅसवर आणा. पाणी तापवायची चूल अंगणात गेली तरी फरक पडतो.

उज्ज्वलाच्या सिलिंडरला केंद्राने २०२५–२६ साठी ३०० रुपये मंजूर केले होते, वर्षाला नऊ सिलिंडरपर्यंत. राज्याने २०२४ मध्ये वर्षाला तीन सिलिंडरची अन्नपूर्णा योजनाही जाहीर केली. पण बऱ्याचदा आधी पूर्ण भाव मोजावा लागतो, सवलत मागाहून खात्यात येते. सासूबाईंची गाडी नेमकी इथेच अडत असणार. त्यांच्या बँक खात्याला आधार जोडलेलं आहे का आणि वितरकाकडे ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) झालंय का, हे मुरबाडला जाल तेव्हा बघून घ्या. उरलेल्या रकमेतून एका सिलिंडरचे ९५० त्यांच्याकडे फिरते पैसे म्हणून द्या. सवलत आली की ती त्याच पैशात परत घालायची, कमी पडेल तेवढं तुम्ही भरायचं. नुसते महिन्याला २०० पाठवलेत तर ते तेल-मिठात जातात, सिलिंडर भरला जात नाही.

एवढं सगळं करून ३,३५० उरतात. ते बँकेत राहू द्या. टेम्पो बंद पडतो तेव्हा सगळ्यात आधी गॅसच्या पैशांवर हात जातो. ही रक्कम असेल तर १५० चा शनिवार चुकणार नाही.

जुना छोटा बाटला अडीनडीला म्हणून ठेवू नका, शेजाऱ्यांना विकू नका, भंगारातही देऊ नका. कापताना आत उरलेल्या गॅसचा भडका उडतो. ज्या दुकानातून घेतला तिथेच परत करा. पैसे देईल तेवढे घ्या, घासाघीस करत बसू नका.